चाळीस, तीस, वीस

कुताइसीच्या विमानतळावर, तीन नंबरच्या दारापाशी
एक निळा लोखंडी सांगाडा आहे.
तळ आहे, बाजू आहेत, छप्पर नाही.
चाळीस, तीस, वीस.
यात मावेल ते फुकट,
मावणार नाही त्याचे पैसे.

मी त्याच्या शेजारी उभी असते, सात वर्षं झाली.
गळ्यात पट्टा, पट्ट्यावर नाव : थेओना.
मापात पाप करायचं नाही,
एवढ्याचाच पगार.

पहाटे चारची फ्लाइट बारीला जाते, इटलीत.
हिला हौशी प्रवासी फारसे नसतात.
बायका असतात, पन्नाशीच्या, साठीला टेकलेल्या,
तिकडच्या कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला
आंघोळ घालायला निघालेल्या.
अंगावर तीन स्वेटर, वरून नवऱ्याचा कोट,
खिशांत गोळ्या, मोजे, अक्रोड, आणखी मोजे.
चालताना दारासारख्या दिसतात.
त्यांना काही बोलता येत नाही मला.
नियमात बॅगेला माप आहे,
बाईला नाही.

आत यंत्रापाशी जेमाल बसतो.
त्याच्या टेबलाखाली आलुबुखाराच्या चटणीच्या बाटल्या साचतात,
शंभर मिलिलीटरच्या वरच्या, प्रत्येकीच्या घरच्या.
तो म्हणतो, झाकण उघडलं की
मला आता जिल्हा कळतो.

लामारा चिआतुराची. पहिल्यांदाच चालली होती.
लेकीची शाळेच्या सहलीची जांभळी बॅग,
सगळी बसली सांगाड्यात,
फक्त चाकं दोन बोटं वर.
किती, तिने विचारलं.
मी आकडा सांगितला.
ती रडली नाही, भांडली नाही,
देवाचं नावसुद्धा घेतलं नाही.
खाली फरशीवर बसली, बॅग उलटी मांडीवर घेतली
आणि कोटातून एक चमचा काढला,
घरचा, जाड दांड्याचा
(परदेशी जाताना चमचा कशाला घेतात कुणास ठाऊक),
आणि दांडा चाकाखाली घालून
कट्.

रांग गप्प झाली.
दुसऱ्याला जास्त वेळ लागला.

मग ती इकडेतिकडे कचऱ्याचा डबा शोधू लागली,
आणि माझा हात आपोआप पुढे झाला.
दोन काळी चाकं. एकाच्या दांडीला
लाल लोकरीचा धागा गुंडाळलेला,
कुठल्या तरी घरातल्या फरशीवरून
उचलून आणलेला.

माझ्या खणात आता सत्तावीस चाकं आहेत.
फेकवत नाहीत. का, विचारू नका.
शिफ्ट बदलताना नवी मुलगी म्हणाली,
पायाला भिंगरी म्हणतात ती हीच का?
मी हसले. पण मग दिवसभर
माझेच पाय दुखत राहिले.

मागच्या गुरुवारी लामारा परत दिसली.
चार वर्षांनी आठ दिवसांसाठी आली होती,
लेकीचं लग्न उरकून पुन्हा निघालेली.
केस कापलेले, बोलताना मध्येच इटालियन.
तीच जांभळी बॅग, काखेत धरलेली,
लेकराला कडेवर घ्यावं तशी, किंवा
लंगड्या कुत्र्याला.
सांगाड्यात सोडली तर तळाशी जाऊन आदळली,
चहूबाजूंनी जागा उरली.

एवढंच? मी विचारलं.
एवढंच, ती म्हणाली.
तिकडचं सगळं तिकडेच आहे,
आणि इथलं ज्याचं होतं त्याला देऊन टाकलं.

मी खण उपसला. सव्वीस चाकं बाजूला सारली.
लाल धाग्याचं सापडलं.
दुसरं ओळखू येईना, सगळी सारखीच काळी.
ती खळखळून हसली.
एका चाकाची बॅग कुठे जाणार गं,
जागच्या जागी गरगरेल.
तरी हातात घेतलं, धाग्याचं टोक नखाने उचकटून पाहिलं,
आणि परत माझ्या तळहातावर ठेवलं.
असू दे तुझ्याकडे.
नेलं तर जेमाल विचारील, हे काय म्हणून,
आणि मला सांगता येणार नाही,
कुठल्याच भाषेत.

सहा वाजले. बाहेर उजाडतंय.
पुढची फ्लाइट डॉर्टमुंडची, रांग लागली आहे.
पहिल्याच माणसाच्या हातात गिटार आहे
आणि तो माझ्याकडे बघून
आधीच हसतोय.